शेऱ्याला कुलूप

कौसल्या खारकरचं पत्र प्रभाकर टिपणिसांना तोंडपाठ होतं आणि त्याला त्यांनी उत्तर दिलेलं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून कशा घडतात, हे आलेल्या पत्राला त्याच आठवड्यात उत्तर टाकणाऱ्यांना समजायचं नाही. टिपणिसांना मात्र त्यात नवल वाटत नसे. वीजबिलाच्या तक्रारीबद्दल आलेल्या पत्राला त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोच दिली होती. जे पत्र मनात घर करून बसतं, त्याला उत्तर कुठल्या पत्त्यावर द्यायचं हाच प्रश्न असतो.

पत्र पंच्याऐंशी सालचं. निळं आंतरदेशीय, आणि वर फळ्यावर लिहायची सवय असलेल्या हाताचं मोठं, गोल अक्षर.

‘मा. चिटणीस, वधूवर सूचक मंडळ, भिवंडी यांस. माझा फॉर्म आपल्या मंडळात पाच वर्षं आहे. माणसं येतात, फोटो पाहतात, आपल्या अध्यक्षांशी बोलतात आणि पुन्हा येत नाहीत. आपण प्रत्येक फॉर्मवर एक खासगी शेरा लिहिता असं ऐकते. माझ्यावर काय शेरा आहे तो कळवावा. खरा असेल तर सोसेन, खोटा असेल तर दुरुस्त करून मागेन. — कौसल्या खारकर, शिक्षिका, अकलोली.’

ते चिटणीस म्हणजे टिपणीस. ज्ञातीतल्या मुलामुलींची लग्नं जमवणारं हे मंडळ कासार आळीत भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत भरायचं. टिपणीस हायस्कुलात कारकून होते आणि उरलेला वेळ इथे देत. ते स्वतः अविवाहित. एकदा त्यांनी आपलाही फॉर्म भरायला घेतला होता, पण ‘अपेक्षा’ या रकान्यापाशी अडले. कुठे खाडाखोड झालेली नाही असं पाहून तोपर्यंत पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांनी खोडरबरानं पुसलं आणि फॉर्म कोऱ्या गठ्ठ्यात परत ठेवला. पुढे तो कुणाला तरी विकलाही गेला.

फॉर्मच्या मागे ‘खासगी शेरा’ असा एक रकाना असे. मुलगा किंवा मुलगी समक्ष पाहून चिटणिसांनी तो भरायचा. ज्याच्यावर शेरा त्याला तो दाखवायचा नाही, समोरच्या पार्टीलाही द्यायचा नाही. चौकशीला कुणी आलं की अध्यक्ष केसरीनाथ मोकाशी दार लोटून घेत, फॉर्म उलटा करून मनातल्या मनात वाचत आणि मग हलक्या आवाजात काय ते सांगत. लेखी काही मिळणार नाही, हा नियम. लोकांचा मंडळावर विश्वास होता तो पत्रिकांमुळे नव्हे, त्या लोटलेल्या दारामुळे.

कौसल्या वडिलांबरोबर फॉर्म भरायला आली तेव्हा टेबलावर टिपणिसांची वाचनालयातून आणलेली कादंबरी पालथी पडली होती. वडील जन्मवेळ आठवत होते. तिनं पुस्तक सरळ केलं, नाव पाहिलं आणि म्हणाली, “हे शेवटपर्यंत वाचणार आहात? निम्म्यानंतर लेखकालाच कंटाळा आलाय.”

टिपणिसांना दोन दिवस अगदी तेच वाटत होतं, आणि चूक आपलीच असणार असं समजून ते कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या फॉर्मवर आयुष्यातला सर्वांत चांगला शेरा लिहिला: ‘वाचन अफाट. विचारलं तर स्वतःचं मत सांगते.’ बाकी फॉर्मांवर ते ‘वर्ण गव्हाळ, स्वभाव बरा’ असलं काहीतरी लिहीत. हे लिहिल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं. इतकी स्तुती बरी दिसते का, अशी त्यांना शंका आली होती.

आता हाच शेरा तिला कळवायचा म्हणजे काय कळवायचं? नियम होताच. पण नियमामागे दडणं त्यांना जितकं सोयीचं होतं तितकं ते मनातून कबूल करत नव्हते. त्यांनी उत्तराचे मसुदे केले. ‘सप्रेम नमस्कार’ लिहावं की नुसतं ‘नमस्कार’, या एका मुद्द्यावरच पहिली काही वर्षं गेली. मग इतका उशीर झाला की उशिराबद्दल माफी मागणारं पत्र मूळ उत्तरापेक्षा लांब व्हायला लागलं. स्थळं का येत नाहीत, हे कोडं त्यांनाही होतं. अकलोली लांब पडते, वडील आजारी, पगार कमी, अशी कारणं त्यांनी स्वतःच शोधून स्वतःच मान्य केली. केसरीनाथांना विचारावं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही असं नाही. जिभेवर आलं नाही.

अशी वर्षं गेली. टिपणीस नोकरीतून निवृत्त झाले. मंडळात कॉम्प्युटर आला.

तो केसरीनाथांच्या मुलाच्या कंपनीनं टाकून दिलेला होता. त्यांची सून सुचेता ही धामणकर नाक्याजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिनं टिपणिसांना शिकवलं. सगळे फॉर्म, शेऱ्यांसकट, टिपणिसांनी एका बोटानं आत घातले. जुने कागद केसरीनाथांनी घरच्या बंबात जाळले आणि त्या दिवशी पाणी फार छान तापल्याचं सगळ्यांना सांगितलं.

पुढे यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला ठाण्याला गेलं. दुरुस्ती झाली का ते पाहायला तिथल्या माणसानं एक फाईल उघडली. ती नेमकी शेऱ्यांची निघाली, आणि त्यात त्याच्या मावसभावाचं नाव निघालं. शेरा होता: ‘मुलगा चांगला. आई फार बोलते.’ ती आई एस.टी.नं भिवंडीला आली आणि जिना चढता चढता जी बोलायला लागली ती दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वर येऊन समजूत घालेपर्यंत बोलत राहिली. शेरा किती अचूक होता हे सिद्ध करून ती गेली.

त्यानंतरच्या शुक्रवारी बैठक बसली. बैठका शुक्रवारीच होत, कारण शुक्रवारी गावातले यंत्रमाग, म्हणजे लूम, बंद. इतर दिवशी आळीच्या मागच्या शेडांमधून खटखट इतकी यायची की पत्रिकेतले गुणसुद्धा ओरडून सांगावे लागत, आणि व्होल्टेज इतकं पडायचं की कॉम्प्युटरचा पडदा आखडून मधोमध यायचा.

“कुलूप घालता येतं,” सुचेता म्हणाली. तिनं पर्समधून एक फ्लॉपी काढली. “याला एन्क्रिप्शन म्हणतात. फाईलमधली अक्षरं एका हिशेबानं कालवून टाकायची. पासवर्ड दिला की ती परत जागेवर येतात. नाही दिला तर नुसता कचरा दिसतो.”

“कचरा आत्ताही दिसतो,” केसरीनाथ म्हणाले. “परवा पत्रिका म्हणून ठाण्याला फ्लॉपी दिली, तर सगळ्या मुली इंग्रजी खुणांत. नक्षत्राच्या जागी डॉलर.”

“तिथे मराठी फॉन्ट नव्हता, बाबा.”

“मग इथलाही काढून टाक. फुकटात काम.”

“धोका काय?” टिपणिसांनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. भेळ खायच्या आधीही ते तो विचारत.

“दोन आहेत, काका. पासवर्ड विसरलात तर ब्रह्मदेव आला तरी फाईल उघडणार नाही. मी नाही, कंपनी नाही, कुणी नाही. आणि कुलूप लागता लागता लाइट गेली तर फाईल अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तसं व्हायला नको म्हणून मी आधी एक कॉपी काढीन. पण काम झालं की ती कॉपी पुसायची. नाहीतर कुलपाला अर्थ नाही.”

सगळ्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. दिवा शांत होता.

“आणि फायदा?”

“कुणी वाचू शकणार नाही. फॉर्म उघडे राहतील, शेरे बंद.”

“आणि चौकशीला माणूस आला तर मी त्याला काय सांगायचं?” केसरीनाथांनी विचारलं.

“फाईल उघडायची, वाचायची, बंद करायची.”

“मी त्या कीबोर्डाला हात लावत नाही. तुला क्लासातून सवड नाही. प्रभाकर तर पाहुणा आला की मोरीत जाऊन उभा राहतो. म्हणजे कुणीच उघडायची नाही. झकास. त्या बाईसारखी दुसरी वर यायला नको.”

टिपणीस फायद्या-तोट्याचा हिशेब मनात मांडत होते आणि त्यात एक रकाना असा होता जो बैठकीत वाचून दाखवण्यासारखा नव्हता. कुलूप पडलं की नियम पाळण्याचं ओझं त्यांच्यावरून उतरून यंत्रावर जाणार होतं. ‘मी सांगत नाही’ याच्या जागी ‘ते उघडत नाही’ असं म्हणता येणार होतं. त्यांनी ठरावाला अनुमोदन दिलं. अनुमोदन द्यायला ते उभे राहिले होते, असं नंतर केसरीनाथ सांगत. त्यापूर्वी ते कधी उभे राहिलेले नव्हते.

कुलूप त्याच दुपारी पडलं. पासवर्ड टिपणिसांनी निवडला. मात्र निवडल्याबरोबर आपण तो विसरणार याची त्यांना खात्री वाटू लागली. म्हणून त्यांनी तो चिठ्ठ्यांवर लिहिला, पाकिटांत घातला, पाकिटं लाखेनं बंद केली आणि कमिटीतल्या प्रत्येकाला एकेक दिलं. पुढच्या बैठकीला आले तर केसरीनाथांची चिठ्ठी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेली.

“हरवेल म्हणून,” ते म्हणाले.

तिथेच ती राहिली. फाईलला कुलूप होतं, किल्ली दारावरच लटकत होती, आणि ती लावावी असं कुणाच्या मनात येत नव्हतं. गावभर गेली ती फक्त कुलपाची बातमी.

मंडळाची झाडलोट करणारा कोंडू रोज पूर्ण्याहून यायचा. एक दिवस फरशी पुसता पुसता तो म्हणाला, “सायब, आमच्याकडं लोका बोलतात, मंडळाच्या कागदांना टाळा घातलाय म्हणं. कायतरी भानगड हाय का?”

“भानगड नाही रे. कुणी वाचू नये म्हणून.”

“भानगड न्हाय तं टाळा कशाला?” असं म्हणून तो बादली घेऊन खाली गेला. टिपणिसांना ते हसण्यासारखं वाटलं आणि ते हसलेही.

त्याच महिन्यात वज्रेश्वरीचे भाऊ चौबळ आले. त्यांचा धाकटा भाऊ अनंता राहनाळला एका गोदामात हिशेब लिहायचा; बायको जाऊन चार वर्षं झालेली. त्याच्यासाठी भाऊंना खारकरबाईंची चौकशी करायची होती. टिपणीस मोरीत गेले नाहीत, पण कपाटाच्या दाराआड उभे राहिले. कौसल्याच्या नावानं कितीतरी वर्षांनी पुन्हा कुणी आलं होतं.

“मुलगी वयानं मोठी आहे,” भाऊ म्हणाले, “पण आमचाही काय कोवळा नाही. शाळेत चांगलं नाव आहे. तुमचा शेरा काय म्हणतो?”

केसरीनाथांनी सवयीनं दार लोटलं, आणि मग लोटून काही उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात आलं. “शेरे आता कुलपात. कॉम्प्युटरात. मलासुद्धा दिसत नाहीत.”

“म्हणजे?”

“कालवून टाकलेत. अशी व्यवस्था आहे, भाऊसाहेब, की ब्रह्मदेव आला तरी वाचता यायचे नाहीत.” हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. भाऊ समोरच्या पडद्याकडे पाहत होते. पासवर्डची चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर होती.

“पूर्वी तर सांगत होतात.”

“पूर्वी सांगत होतो. आता नाही.”

“तिचा एकटीचा, की सगळ्यांचे?”

“सगळ्यांचेच. पण तुम्ही काय, तिच्याबद्दलच विचारताय.”

भाऊ उठले. जिन्याच्या तोंडाशी थांबून चप्पल घालताना म्हणाले, “एवढं कुलूप घालायचं म्हणजे आत तसंच काही असणार. मंडळानं लेखी द्यावं, नाहीतर आमचं राहू द्या.”

टिपणीस कपाटाच्या दाराआडून बाहेर आले तेव्हा केसरीनाथ म्हणाले, “बघ. आधी वाचून दाखवलं की माणसं नाही म्हणायची. आता न वाचताच नाही म्हणतात. केवढा वेळ वाचला.”

पुढच्या शुक्रवारी ती स्वतः आली. केसरीनाथ अजून यायचे होते. टिपणिसांनी तिला ओळखलं ते तिनं टेबलावरचं पुस्तक सरळ करून नाव पाहिलं त्यावरून. केसांत पांढरं आलं होतं, चष्मा लागला होता.

“बसा, बाई,” ते म्हणाले.

“बसते. मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, टिपणीससाहेब. फार वर्षांपूर्वी.”

“हो. म्हणजे… मिळालं.”

“मिळालं ना? मी समजत होते पोस्टानं घोळ घातला. उगाच पोस्टाला बोल लावला मी.” ती हसली नाही. “तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ठीक आहे, तुमचा नियम. आणि तेव्हा लग्नाची घाई मला नव्हती, वडिलांना होती. आता ते नाहीत, आणि आता मला हे लग्न करायचंय. अनंतरावांशी मी बोललेय. त्यांना माझं जे आहे ते सगळं माहीत आहे. पण मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर ते जाणार नाहीत, आणि भाऊंच्या डोक्यात तुमचं कुलूप बसलंय. काय इतकं लिहिलंय हो माझ्याबद्दल?”

“तसं काही नाही.”

“मग सांगा.”

टिपणिसांनी पडद्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. सांगायचं म्हणजे सात शब्द होते. “ते उघडत नाही,” ते म्हणाले. हेच वाक्य म्हणता यावं म्हणून त्यांनी अनुमोदन दिलं होतं; पण म्हटल्यावर ते त्यांना फार वाईट ऐकू आलं.

तिनं पिशवी उचलली. “तुम्हाला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जात असेल. म्हणजे, लिहिलंत तर. साधं कार्ड टाकलंत तरी चालेल, आमचा पोस्टमन वाचूनच हातात देतो. वज्रेश्वरी-अकलोली दोन्ही त्याच्याकडे. मला चष्मासुद्धा शोधावा लागत नाही.” दारातून वळून तिनं टेबलाकडे बोट केलं. “आणि ते पुस्तक चांगलं आहे. पुरं करा.”

केसरीनाथ आले, पान लावलं, वर्तमानपत्र उघडलं. टिपणिसांनी एकदा घसा साफ केला.

“केसरीनाथराव, एक विचारू का?”

“तू विचारून विचारतोस म्हणजे काहीतरी विचारणार.”

“खारकरबाईंची चौकशी करायला पूर्वी लोक यायचे. त्यांना तुम्ही काय सांगत होतात?”

“तू लिहिलेलं. पदरचं एक अक्षर नाही. वाचन अफाट, विचारलं तर स्वतःचं मत सांगते.” केसरीनाथांना ते अजून पाठ होतं. “चेहरे पडायचे बिचाऱ्यांचे.”

“का?”

“का काय? सून आणायची की लायब्रेरियन? आणि वर मत सांगणारी. पण तुझी खुबी मानतो मी. वाईट शब्द एक नाही, आणि माणूस उठून सरळ स्टँडवर. मी प्रत्येकाला सांगायचो, आमचा चिटणीस फार सज्जन, कुणाचं वाईट लिहायला त्याचा हात धजत नाही. त्यानं एवढं लिहिलं, म्हणजे काय असेल ते ओळखा.”

“मी ते चांगलं म्हणून लिहिलं होतं,” टिपणीस म्हणाले.

केसरीनाथ हसले. मग टिपणिसांच्या तोंडाकडे पाहून थांबले. पान तोंडात तसंच राहिलं.

“चांगलं म्हणून?”

“हो.”

“अरे, मग ‘गृहकृत्यदक्ष’ लिहायचं, ‘मनमिळाऊ’ लिहायचं. चांगल्याचे शब्द ठरलेले आहेत की. तू आपल्या मनानं लिहिलंस तर लोकांना कळणार कसं?” थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, “सोळा वर्षं, प्रभाकर. मला तरी सांगायचंस.” आणि बैठक न घेताच घरी गेले.

टिपणीस कॉम्प्युटरसमोर बसले. शुक्रवार असल्यामुळे पडदा पुरता, चौकोनी आणि स्थिर होता. त्यांनी पासवर्ड घातला. तो ते विसरले नव्हते. चिठ्ठी पाहावी लागली नाही. कचरा हलला आणि त्याच्या जागी माणसं आली. वर्ण गव्हाळ, स्वभाव बरा. आई फार बोलते. खारकर, कौसल्या: वाचन अफाट.

त्यांनी ती ओळ पुसली आणि तिथे लिहिलं: ‘स्वभाव शांत. गृहकृत्यदक्ष. मनमिळाऊ.’

ओळ फार बरी दिसत होती. कागदावर खाडाखोड दिसते, इथे काही दिसत नव्हतं. जणू ते शब्द पहिल्यापासून तिथे होते. जुना फॉर्म बंबात गेला होता. आता ही ओळ छापायची, मंडळाचा शिक्का मारायचा आणि भाऊ चौबळांना लेखी द्यायची. नियम मोडायचाच, तर उपयोग होईल असा मोडावा. खरा शेरा पाठवला तर? तोच ऐकून इतकी माणसं स्टँडवर गेली होती. भाऊ काही वेगळ्या मातीचे दिसत नव्हते. काहीच पाठवलं नाही तर कुलूप होतंच, आणि कुलपातला शेरा दर आठवड्याला आणखी वाईट होत होता. टिपणिसांनी धोके एका बाजूला मांडले, फायदे दुसऱ्या बाजूला मांडले. खोटा शेरा सगळ्या बाजूंनी सरस ठरत होता. असं ठरायला लागलं की त्यांना आपल्या हिशेबाचाच संशय येई.

मग त्यांना तिच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आठवलं. खोटा असेल तर दुरुस्त करून मागेन. ही ओळ तिच्या हातात पडली असती तर तिनं तांबड्या शाईनं खूण करून परत पाठवली असती. तिनं लग्न जमवून द्या असं कधी म्हटलंच नव्हतं. काय लिहिलंय ते सांगा, एवढंच तिनं दोनदा विचारलं होतं.

त्यांनी मनमिळाऊपासून उलटं पुसत आणलं. एका बोटानं जुनी ओळ परत घातली. फाईल बंद केली.

घरी जाऊन त्यांनी लिहायला घेतलं. आंतरदेशीय पत्र घेतलं, कड दुमडून पाहिली, डिंक लावायची जागा पाहिली आणि बाजूला ठेवलं. पाकीट घेतलं, तेही ठेवलं. जे बंद आहे त्यात काहीतरी आहे, असं लोक समजतात, हे ते महिनाभर पाहत होते. शेवटी ट्रंकेतून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं. पोस्टकार्डावर ‘सप्रेम’ लिहायला जागा नसते, ही त्याची आणखी एक सोय. तरीही पहिल्या कार्डावर त्यांनी ते लिहिलं, खोडलं आणि कार्ड वाया गेलं. दुसऱ्यावर त्यांनी पोस्टमनला चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं:

‘श्रीमती कौसल्या खारकर यांस नमस्कार. आपलं पंच्याऐंशी सालचं पत्र मिळालं. आपल्या फॉर्मवरचा शेरा असा: वाचन अफाट. विचारलं तर स्वतःचं मत सांगते. शेरा मी लिहिला. तो खरा आहे, दुरुस्तीची जरूर दिसत नाही. मी तो स्तुती म्हणून लिहिला होता. याहून चांगला शेरा मी मंडळात कुणावरही लिहिलेला नाही. ज्यांनी त्याचा दुसरा अर्थ लावला त्यांनी मला विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. हे लेखी समजावं, आणि वाटेत कुणीही वाचावं. उत्तराला उशीर झाला. — प्र. वि. टिपणीस, चिटणीस.’

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं. मग भाऊ चौबळ होऊन वाचलं. ते वाचून भाऊ उठून जाऊ शकले असते. मग पोस्टमन होऊन वाचलं. वज्रेश्वरीत चौबळांच्या ओट्यावर सायकल टेकवून, “खारकरबाईंचं कार्ड हाय बरं का, भिवंडीच्या मंडळाचं,” असं म्हणत तो मोठ्यानं वाचतोय हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. आणि मग तिच्या नजरेनं वाचलं. ‘याहून चांगला’ या शब्दांपाशी त्यांना कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. ते शब्द खोडले तर कार्ड वाया गेलं असतं, आणि ट्रंकेत तिसरं नव्हतं.

वंजारपट्टी नाक्याजवळच्या पेटीपाशी ते गेले तेव्हा अजून उजेड होता. त्यांनी कार्ड फटीत अर्धं घातलं, धरून ठेवलं, पत्ता पुन्हा एकदा वाचला. मागून एक बाई म्हणाली, “अहो, टाकता का सरकता?” त्यांनी सोडलं.

लूम बंद होते. कार्ड आत पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. सवयीनं त्यांनी पेटीचं कुलूप ओढून पाहिलं. ते पक्कं लागलेलं होतं.